नांदेड ते काठमांडू, विजेवर

नांदेड-लातूरच्या माणसाला स्वतःची गाडी घेऊन सहज जाता येईल असा परदेश म्हणजे नेपाळ. आपली माणसं तिथं पिढ्यान्‌पिढ्या जात आली आहेत. पशुपतिनाथ आणि मुक्तिनाथ करणारे यात्रेकरू ट्रॅव्हल्सच्या बसनं जातात. सारनाथ, कुशीनगर करून आलेले बौद्ध उपासक लुंबिनीसाठी सोनौलीची सीमा ओलांडतात. आता एमएच-२६ आणि एमएच-२४ च्या हिरव्या पाट्या रस्त्यावर दिसायला लागल्यापासून चहाच्या टपरीवर एक प्रश्न हमखास निघतो: ही बॅटरीची गाडी नेपाळला पोहोचेल का?

पोहोचेल. आणि ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही, पण या प्रवासात सीमेपलीकडचं चार्जिंग ही सगळ्यात कमी डोकेदुखीची गोष्ट आहे. खरी परीक्षा आहे ती नांदेड सोडल्यापासून गोरखपूरपर्यंतच्या पट्ट्याची, आणि तयारीचा मोठा भाग तर घराच्या अंगणातच उरकायचा आहे.

नेपाळबद्दल आपल्या डोक्यात जुनं चित्र असतं. ते चुकीचं नव्हतं. २००८-०९ च्या हिवाळ्यात काठमांडूत दिवसाला सोळा तास भारनियमन होतं. मराठवाड्यानं भारनियमन पुरेपूर भोगलंय, तरी सोळा तास म्हणजे जरा जास्तच. २०१६ पासून तिथल्या विद्युत प्राधिकरणानं राजधानीतला अंधार हटवला, २०१८ पर्यंत देशभरातल्या घरांचं भारनियमन संपलं. २०२१ मध्ये ४५६ मेगावॉटचा अप्पर तामाकोशी प्रकल्प सुरू झाला आणि पावसाळ्यात उरलेली वीज नेपाळ आता भारताला विकतो. पेट्रोल-डिझेल मात्र थेंब न थेंब भारतातून येतं. २०१५ मध्ये सीमेवर नाकेबंदी झाली तेव्हा पंपांपुढं लागलेल्या रांगा तो देश विसरलेला नाही. नदीची वीज घरची आणि तेल परक्याचं, हे कळल्यावर सरकारनं तेलाच्या गाड्यांवर करांचा बोजा तसाच ठेवला आणि विजेच्या गाड्यांवर त्या मानानं फार कमी लावला. परिणाम असा की तिथं विकल्या जाणाऱ्या नव्या प्रवासी चारचाकींमध्ये निम्म्याहून जास्त गाड्या आता विजेच्या असतात. विद्युत प्राधिकरणानं स्वतः ५१ ठिकाणी चार्जिंग केंद्रं उभी केली, खासगी हॉटेलवाल्यांनी आणि गाड्यांच्या कंपन्यांनी त्यात भर घातली. काठमांडूला विजेच्या वाहनाचं अप्रूपही नाही. १९७५ मध्ये चीनच्या मदतीनं तिथं ट्रॉलीबस धावू लागली होती आणि नव्वदच्या दशकापासून बॅटरीवरचे ‘सफा टेम्पो’ तिथल्या गल्ल्यांतून प्रवासी वाहतात. त्यातले कितीतरी बायका चालवतात.

आपल्याकडच्या सध्याच्या बहुतेक गाड्यांना जलद चार्जिंगसाठी सीसीएस-२ पद्धतीची गन लागते. नेपाळमध्येही ती मिळते. काही यंत्रांवर चिनी जीबी/टी पद्धतीची गन असते, ती आपल्या गाडीला बसत नाही; तेव्हा नकाशावर नुसता चार्जरचा ठिपका बघू नका, गन कोणती ते बघा. तिकडं गाड्या डावीकडूनच चालतात, घरात वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची. टाटाच्या विजेच्या गाड्या तिथं विकल्या जातात, त्यामुळं त्या कंपनीची गाडी असेल तर निदान तिचं बॉनेट उघडणारा माणूस सापडतो. वॉरंटी सीमेपार चालते का, हे मात्र निघण्यापूर्वी आपल्या डीलरकडून लेखी घ्यावं. तोंडी ‘हो साहेब, चालतंय की’ काही कामाचं नाही.

आता रस्ता. नांदेडहून राष्ट्रीय महामार्ग ३६१ धरायचा: अर्धापूर, उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ, वर्धा, बुटीबोरी, नागपूर. लातूरकरांना त्याच महामार्गानं चाकूर, अहमदपूर, लोहा करत आधी नांदेड गाठावं लागतं, म्हणजे सुमारे १४० किलोमीटर जास्तीचे. नागपूरहून महामार्ग ४४ नं पेंचच्या जंगलातून सिवनी, पुढं जबलपूर, रीवा, वाराणसी, गोरखपूर आणि सोनौली. नांदेड ते सोनौली अंदाजे चौदाशे किलोमीटर होतात. विजेच्या गाडीला हे चार दिवसांचं काम समजा. तीन दिवसांत होतं, पण मग घरच्यांशी बोलणं राहत नाही.

राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात समृद्धी महामार्गावर विजेच्या गाड्यांना टोलमाफी आहे, म्हणून कुणी जालन्याला जाऊन समृद्धीवर चढण्याचा बेत करतो. नांदेडकरांनी या भानगडीत पडू नये. फेरा मोठा पडतो, शिवाय समृद्धीवर १२० ची मुभा आहे आणि ती मुभाच बॅटरीच्या मुळावर येते.

हे कसं, ते नीट पाहू, कारण सगळी तयारी याच हिशेबावर उभी आहे. गाडी पळताना तिला जी हवा बाजूला सारावी लागते तिचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वरून १०० वर गेलात की वेग सव्वापट होतो, पण हवेचा विरोध १.५६ पट. म्हणजे प्रत्येक किलोमीटरमागं हवेपोटी खर्च होणारी वीज दीडपटीहून जास्त. पेट्रोलच्या गाडीतही हेच घडतं, फक्त तिथं इंजिन एरवीच दोन-तृतीयांशाहून जास्त ऊर्जा उष्णतेत उडवत असल्यामुळं हा फरक त्या गोंधळात दबून जातो. विजेची गाडी मुळातच काटकसरी, म्हणून तिच्यात उधळपट्टी लगेच दिसते. छतावर कॅरिअर बांधून त्यावर ताडपत्रीखाली गाठोडी रचली, की हवेच्या दृष्टीनं गाडीचा आकारच बदलतो. सामान डिकीत घाला. मावत नसेल तर सामान कमी करा.

कागदावरची रेंज पुण्याच्या एआरएआय या संस्थेच्या चाचणीतून येते. १९६६ पासूनची ही संस्था आपलं काम चोख करते, पण चाचणीतला वेग बहुतेक वेळ शहरातल्यासारखा असतो आणि ९० च्या वर जातच नाही. त्यामुळं माहितीपत्रकावर ४५० लिहिलेली गाडी महामार्गावर ३०० देते. यात फसवणूक नाही, तुलना करण्यासाठी काढलेला तो आकडा आहे. पल्ला ठरवण्यासाठी तो वापरायचा नसतो.

पल्ला ठरवायला वेगळा आकडा लागतो: एका युनिटमध्ये आपली गाडी किती किलोमीटर जाते. युनिट म्हणजे तेच, महावितरणच्या बिलावरचं. ४५ युनिटच्या बॅटरीची मध्यम गाडी शहरात युनिटला सात किलोमीटर देते, महामार्गावर ८०-८५ च्या वेगानं एसी लावून सहाच्या आसपास, आणि शंभरच्या वर पाच. सहा धरून चालू. घरून शंभर टक्के भरून निघालात आणि १५ टक्के शिल्लक ठेवायची ठरवली, तर ३८ युनिट हातात येतात, म्हणजे २३० किलोमीटर. नांदेडहून यवतमाळ सुमारे १९० किलोमीटर, म्हणजे पहिला टप्पा आरामात. पण वाटेत जलद चार्जरवर आपण ८० टक्क्यांपर्यंतच भरतो. ८० ते १५ म्हणजे २९ युनिट, १७५ किलोमीटर. पहिला टप्पा मोठा आणि नंतरचे सगळे लहान, असं या प्रवासाचं स्वरूप असतं. नवशिके उलटं धरतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घामाघूम होतात.

८० वरच का थांबायचं? लिथियम बॅटरी भरते तेव्हा लिथियमचे आयन एका बाजूनं निघून ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. सुरुवातीला सगळीकडं जागा मोकळी असते, म्हणून प्रवाह जोरात सोडता येतो. एसटी भरत आली की मागून चढणाऱ्याला दोन्ही बाजूंना बघत सरकावं लागतं, तसं पुढं होतं. जागा नीट मिळाली नाही आणि आयन जबरदस्तीनं ढकलले, तर लिथियम धातू होऊन ग्रॅफाइटच्या पृष्ठभागावर साचतो आणि बॅटरी कायमची कमी होते. म्हणून गाडीचा संगणक ८० च्या पुढं प्रवाह उतरवत नेतो. दहा ते ऐंशीला जेवढा वेळ लागला, जवळपास तेवढाच ऐंशी ते शंभरला लागू शकतो. तेवढ्यात तुम्ही पुढच्या चार्जरच्या वाटेवर असता.

बॅटरी एलएफपी प्रकारची असेल, आणि आपल्याकडच्या लोकप्रिय गाड्यांत बऱ्याचदा ती असते, तर आणखी एक गोष्ट. या बॅटरीचा व्होल्टेज बराच वेळ सपाट राहतो, त्यामुळं ४० टक्के उरलेत की ५५ हे संगणकालाही नेमकं कळत नाही. अधूनमधून पूर्ण शंभर टक्के भरली की त्याचा हिशेब पुन्हा जुळतो. निघण्याच्या आधीच्या आठवड्यात एकदोनदा घरच्या संथ चार्जरवर पूर्ण भरा. नाहीतर पडद्यावर १२ टक्के दिसत असताना गाडी अचानक मान टाकते.

उष्णता हा आपला खास विषय. नांदेडला मे महिन्यात पारा ४३-४४ वर जातो. अशा उन्हात शंभरच्या वेगानं पळून आलेली बॅटरी आधीच तापलेली असते, त्यात जलद चार्जिंगनं ती आणखी तापते, म्हणून गाडी स्वतःच प्रवाह कमी करते. यंत्रावर ६० किलोवॉट लिहिलेलं आणि पडद्यावर २५ दिसतंय, अशी तक्रार उन्हाळ्यात नेहमीची. त्यात चार्जरवाल्याचा दोष असेलच असं नाही. पहाटे निघायचं, दुपारी एक ते चार गाडी सावलीत, आणि चार्जरवर पोहोचण्याआधीचे दहा-पंधरा किलोमीटर सावकाश, एवढं केलं तरी फरक पडतो. पण खरं सांगायचं तर मे महिन्यात हा बेत करूच नये. पावसाळ्यात नेपाळच्या डोंगरात दरडी कोसळतात, विशेषतः नारायणगढ ते मुग्लिन या पट्ट्यात. मग उरतं ऑक्टोबर-नोव्हेंबर, किंवा फेब्रुवारीअखेर ते मार्च.

आता ज्या गोष्टीकडं सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं आणि जी सगळ्यात जास्त अडवते ती: अर्थिंग.

जलद चार्जर दिवसा उपयोगी पडतो. रात्री मुक्कामी लॉजच्या पंधरा अँपिअरच्या साध्या प्लगवर गाडी लावता आली तर सकाळी खर्च न करता बॅटरी भरलेली मिळते. साधा प्लग तासाला दोन ते तीन युनिट देतो, दहा तासांत पंचवीस युनिट म्हणजे दीडशे किलोमीटर. पण गाडीसोबत आलेला हातचार्जर वीज सोडण्याआधी अर्थिंग तपासतो, आणि ते नसेल तर लाल दिवा लावून गप्प बसतो. बल्ब लागतो, पंखा फिरतो, मोबाईल चार्ज होतो, गाडीच का होत नाही, असा लॉजच्या मॅनेजरचा प्रश्न असतो आणि त्याच्या जागी तो बरोबर असतो. तिसऱ्या मोठ्या पिनेच्या भोकात पुष्कळ ठिकाणी तार जोडलेलीच नसते. जोडलेली असली तरी ती जमिनीत जाते त्या खड्ड्यात ओल नसते.

मराठवाड्यात हे अधिक जाणवतं, त्याचं कारण जमिनीत आहे. वीज मातीत शिरते ती मातीतल्या ओलाव्यातून आणि क्षारांतून. काळी माती ओली असताना उत्तम वाहक. तीच एप्रिल-मे मध्ये भेगाळते, खड्ड्यातल्या अर्थिंगच्या पट्टीभोवती पोकळी होते आणि अर्थिंगचा विरोध कितीतरी पट वाढतो. लातूरच्या बालाघाटच्या पठारावर वरचा हातभर मातीचा थर संपला की मुरूम आणि काळा पाषाण. तिथं तर आणखी अवघड. म्हणूनच जुने वायरमन खड्ड्यात मीठ-कोळसा भरून वरून पाणी घालायला सांगतात. २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओता म्हणणं तसं धाडसाचंच, पण घरी चार्जर बसवला असेल तर उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली वापरलेलं पाणी त्या खड्ड्याला द्याच.

प्रवासासाठी तीन दिव्यांचा छोटा सॉकेट टेस्टर सोबत ठेवा. प्लगसारखा खुपसला की फेज, न्यूट्रल आणि अर्थ जागेवर आहेत का ते लगेच दिसतं. खोलीचे पैसे देण्याआधी खुपसायचा. नंतर नाही. अर्थिंगची तार किती दमदार आहे हे मात्र तो सांगत नाही. त्यासाठी वायरमन फेज आणि अर्थ यांच्यामध्ये शंभर वॉटचा टेस्ट लँप लावून बघतो, बल्ब पूर्ण उजळला तर ठीक, मिणमिणला तर नाही. हे काम त्याच्याकडूनच करून घ्यावं. काही जण अर्थिंग नसलेल्या प्लगवर चार्जरला चकवण्यासाठी अर्थ आणि न्यूट्रल आपसात जोडतात. असं करू नका. न्यूट्रल कुठं तुटली तर गाडीच्या पत्र्यावर थेट वीज येते आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून दार उघडणारा माणूस जातो.

एक्स्टेन्शनची वायर बाजारातली पांढरी, पाच अँपिअरची चालत नाही. पंधरा मीटर लांबीची, तांब्याची, निदान २.५ चौरस मिलिमीटरची तीन पदरी वायर आणि दोन्ही टोकांना सोळा अँपिअरचे चांगले प्लग, अशी वायरमनकडून बनवून घ्या. वापरताना ती पूर्ण उलगडा. गुंडाळीतच ठेवली तर दहा तास वाहणाऱ्या प्रवाहाची उष्णता बाहेर पडायला वाव मिळत नाही, आतले वेढे मऊ पडून चिकटतात. चार्जिंग सुरू करून अर्ध्या तासानं प्लगला हात लावून बघायचा. कोमट चालेल, चटका बसला तर बंद. गाडीत प्रवाह कमी करण्याची सोय असेल तर अनोळखी ठिकाणी दहा अँपिअरवरच ठेवा. गावातल्या डीपीवर आधीच ताण असतो, संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत खाली येतं. रात्री अकरानंतर लावलेली गाडी जास्त शांतपणे भरते.

सोनौली ओलांडल्यावर हिशेब बदलतो, कारण चढ येतो. भैरहवा समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभर मीटरवर, काठमांडू सुमारे चौदाशेवर. माणसं आणि सामानासह १९०० किलोची गाडी हजार मीटर वर नेण्यासाठी भौतिकशास्त्राच्या हिशेबानं ५.२ युनिट लागतात, मोटरचे तोटे धरून सहा. म्हणजे दर हजार मीटर चढाईला सपाटीवरचे ३५ किलोमीटर कमी धरा. हे वाटतं तितकं भयंकर नाही. घाटात वेग तीस-चाळीसचा असतो, त्यामुळं हवेचा खर्च जवळपास मिटतो, आणि नेपाळमध्ये युनिटमागं किलोमीटर बऱ्याचदा आपल्या महामार्गापेक्षा जास्तच पडतात. उतरताना मोटर उलटी जनित्राचं काम करते आणि चढाईत खर्ची पडलेल्यातलं निम्म्याहून थोडं जास्त परत देते. फक्त वर डोंगरावर मुक्काम असेल तर तिथं शंभर टक्के भरू नका. भरलेल्या बॅटरीत परतीच्या विजेला जागा नसते, मग गाडी धरण्याचा सगळा भार ब्रेकवर येतो आणि लांब उतारावर ते तापतात.

थंडीचा मुद्दा आपल्या ध्यानातच येत नाही. काठमांडूत डिसेंबर-जानेवारीत पहाटे दोन-तीन अंश असतं. गारठलेली एलएफपी बॅटरी वीज घ्यायला फार कुरकुर करते. मुक्कामी पोहोचल्याबरोबर, गाडी चालून बॅटरी ऊबदार असतानाच चार्जर लावा. ‘सकाळी बघू’ म्हटलं की सकाळी दुप्पट वेळ जातो. मुक्तिनाथ तर ३७०० मीटरच्या वर आहे आणि तिथवरचा रस्ता खडबडीत. बॅटरी गाडीच्या पोटाखाली असते, दगड लागला तर तिला लागतो. आपली गाडी पोखऱ्याला ठेवून पुढं तिथली जीप करावी, यात कमीपणा नाही.

यांत्रिक तयारी थोडीच आहे, पण तिच्यात दोन सापळे आहेत. पहिला १२ व्होल्टची छोटी बॅटरी. मोठी बॅटरी भरलेली असूनही ही छोटी बसली की गाडी उघडतच नाही, कारण मोठ्या बॅटरीचा जोड जुळवणारे स्विच या छोटीच्या विजेवर चालतात. तीन वर्षांची झाली असेल तर निघण्याआधी बदला आणि जंपर केबल सोबत घ्या. दुसरा सापळा म्हणजे टोचन. गाडी बंद पडली की दोर बांधून ट्रॅक्टरमागं टोचन करून न्यायची आपली सवय. विजेच्या गाडीत मोटरशी जोडलेली चाकं जमिनीवर फिरली की मोटर वीज तयार करते आणि आतली यंत्रणा जळू शकते. तिला चारही चाकं वर घेणारी सपाट क्रेनगाडीच लागते. विम्यातल्या रस्त्यावरच्या मदतीत तशी गाडी आहे का ते विचारून ठेवा. काही मॉडेलला स्टेपनीच नसते, तिथं पंक्चर किट आणि हवेचा छोटा पंप घ्या आणि टायरची हवा रोज सकाळी बघा.

कागदपत्रं. ओळखीसाठी पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र. केवळ आधार कार्डाच्या भरवशावर निघू नका. भारतीय लायसन्स तिथं चालतं. सीमेच्या पलीकडं बेलहिया इथं भन्सार म्हणजे जकात कार्यालयात जितके दिवस राहणार तितक्या दिवसांची रक्कम भरून गाडीची पावती घ्यायची. दिवस मोजताना एक जास्तीचा धरा, मुदत उलटली तर दंड जड असतो. एका वर्षात भारतीय गाडी तिथं एकूण तीस दिवस ठेवता येते. आरसी आणि लायसन्स मूळ हवेत, डिजिलॉकरच्या भरवशावर राहू नका. आपल्याकडं गाडी वडिलांच्या किंवा मेहुण्याच्या नावावर आणि चालवणारा तिसराच, हा प्रकार सर्रास. मग मालकाचं संमतीपत्र घ्या. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्रही. आणि सगळ्यात विसरली जाणारी बाब: आपली विमा पॉलिसी भारतापुरतीच असते. भौगोलिक हद्द वाढवणारी आयएमटी-१ ही जोड घेतली की नेपाळ, भूतान, बांगलादेश असे शेजारी देश तिच्यात येतात. थोडे पैसे लागतात, पण विमा कार्यालयात जाऊन मागावी लागते, आपणहून कुणी देत नाही.

गाडीतलं सिमकार्ड तिकडं चालेलच असं नाही, तेव्हा मोबाईलवरून दार उघडण्याची सवय सोडा आणि दोन्ही चाव्या दोघांकडं ठेवा. चार्जिंगच्या अ‍ॅपला ओटीपी लागतो, त्यासाठी रोमिंग सुरू करून जा किंवा तिथलं सिम घ्या. मार्च २०२४ पासून आपलं यूपीआय तिथल्या ‘फोनपे’ (Fonepay) या कंपनीच्या क्यूआर कोडवर चालतं. तरी शंभर रुपयांच्या भारतीय नोटा पुरेशा ठेवा. शंभर भारतीय म्हणजे एकशे साठ नेपाळी, हा दर ठरलेलाच आहे.

नेपाळच्या पलीकडं मात्र मामला बदलतो. भूतानला गाडीनं जाता येतं, तिथला परवाना आणि रोजचं शुल्क वेगळं. हुजूर साहिबच्या नांदेडातून पाकिस्तानातल्या करतारपूरला जायची इच्छा असणारे पुष्कळ आहेत, पण करतारपूर कॉरिडॉरमधून स्वतःची गाडी न्यायची सोयच नाही. इराणकडं जायचं तर गाडीचा जणू पासपोर्ट असलेलं ‘कार्ने’ लागतं. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ही १९१९ पासूनची संस्था ते देते आणि त्यासाठी मोठी हमी ठेवावी लागते. इतकं करूनही जाणारे आहेत. वीबे वाकर नावाचा डच माणूस विजेवर बदलून घेतलेली जुनी फोक्सवॅगन गोल्फ घेऊन २०१६ मध्ये नेदरलँडहून निघाला आणि भारतासह ३३ देश करत एप्रिल २०१९ मध्ये सिडनीला पोहोचला. ९५ हजार किलोमीटर झाले. त्याची गाडी एका चार्जमध्ये दोनशे किलोमीटर जायची; आजच्या आपल्या साध्या गाड्या त्याहून सरस आहेत. तो बहुतेक रात्री अनोळखी लोकांच्या घरच्या प्लगवर गाडी लावत गेला.

‘लातूर पॅटर्न’मधून शिकून युरोपात स्थिरावलेल्या मुलांना हे सगळं ऐकून हसू येईल. युरोपीय संघाच्या नियमानुसार मुख्य महामार्गांवर दर ६० किलोमीटरला जलद चार्जर असायला हवा आणि नव्या जलद यंत्रांवर साध्या बँक कार्डानं पैसे घेतलेच पाहिजेत. आपल्या ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचना तर आणखी उदार होत्या: महामार्गावर दर २५ किलोमीटरला एक. अंतराचा नियम आपल्याकडंही आहे. अडचण आहे ती बसवलेलं यंत्र चालू राहण्याची. म्हणून भारतातल्या पट्ट्यात प्रत्येक थांब्याला एक चार्जर ठरलेला आणि त्याच्या अलीकडं किंवा पलीकडं तीस किलोमीटरच्या आत दुसरा हेरून ठेवलेला, हा नियम मोडू नका. आदल्या दिवशी दोन्हीकडं फोन करून यंत्र सुरू आहे का ते विचारा.

आणि हे सगळं वाचून लगेच सोनौलीकडं निघू नका. आधी हैदराबादला जाऊन या. नांदेडकरांनी महामार्ग १६१ नं देगलूर, जोगीपेट, संगारेड्डी करत, लातूरकरांनी जहीराबादवरून. जाताना ८० च्या वेगानं, येताना १०० च्या, आणि दोन्ही वेळा युनिटमागं किती किलोमीटर पडले ते वहीत लिहा. एक मुक्काम मुद्दाम साध्या लॉजवर करा आणि पंधरा अँपिअरच्या प्लगवर गाडी लावून बघा. दुसऱ्या एखाद्या रविवारी चार माणसं बसवून माहूरचा गड चढा-उतरा, चढताना किती गेलं आणि उतरताना किती परत आलं ते टिपा. हे आकडे तुमच्या गाडीचे आणि तुमच्या पायाचे असतील, कुणाच्या सल्ल्यापेक्षा ते जास्त खरे. ८० च्या वेगानंही युनिटला साडेपाचच्या खाली येत असतील तर यंदा ट्रॅव्हल्सच्या बसनं जा. सहा पडत असतील तर दिवाळीनंतरची तारीख धरा, आणि तोवर विमा कार्यालयात जाऊन आयएमटी-१ मागून घ्या.